प्रकाशावलंबी रोधक

प्रकाशावलंबी रोधक (एल.डी.आर.) हा पडणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेनुसार ज्याचा विद्युत रोध बदलतो असा घटक आहे. प्रकाश वाढला की रोध घटतो, अंधारात तो वाढतो. याला धन किंवा ऋण टोक नसते; त्यामुळे तो परिपथात कोणत्याही दिशेने जोडता येतो.

कार्य

सामान्य एल.डी.आर.मध्ये कॅडमियम सल्फाइड या अर्धवाहकाचा नागमोडी पट्टा असतो. अंधारात यात मुक्त इलेक्ट्रॉन फार थोडे असतात व रोध सुमारे १० लाख ओहम किंवा त्याहून अधिक असतो. प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा मिळताच अणूंशी बद्ध असलेले इलेक्ट्रॉन मुक्त होऊन वहनात भाग घेतात. भर उजेडात रोध १ किलोओहमपेक्षाही खाली येतो.

परिपथातील उपयोग

रोधातील हा बदल विभवांतराच्या बदलात रूपांतरित करण्यासाठी एल.डी.आर. एका स्थिर रोधकाशी एकसर जोडतात. अंधार पडताच लागणारा दिवा हे याचे परिचित उदाहरण असून शालेय विज्ञान प्रदर्शनांत ते हमखास आढळते. त्यात ५ व्होल्टच्या धन टोकाकडे स्थिर रोधक, ऋण टोकाकडे एल.डी.आर. आणि दोहोंच्या सांध्याला ट्रान्झिस्टरचा बेस जोडलेला असतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुमारे ०.६५ व्होल्टला वाहू लागतो.

दिवा केव्हा लागेल हे स्थिर रोधकावरही तितकेच अवलंबून असते, आणि प्रतिकृती फसते ती बहुधा येथेच. स्थिर रोधक १० किलोओहमचा असल्यास एल.डी.आर.चा रोध १.५ किलोओहम होताच बेसला ०.६५ व्होल्ट मिळतात. एवढा रोध वर्गखोलीतील साध्या उजेडातही असू शकतो. म्हणजे दिवा दिवसाही विझत नाही. त्याऐवजी १०० किलोओहमचा रोधक घातल्यास ही मर्यादा १५ किलोओहमवर, म्हणजे साधारण संधिप्रकाशापर्यंत सरकते. मात्र बेसला मिळणारी धारा दहापट घटते. एका लहान एल.ई.डी.ला ती पुरते, मोठ्या दिव्यासाठी दुसरा ट्रान्झिस्टर लागतो. स्थिर रोधकाऐवजी बदलता रोधक वापरणे सोयीचे ठरते.

दिव्याचा उजेड एल.डी.आर.वर पडू देता कामा नये. अन्यथा दिवा लागतो, त्याच्याच उजेडाने मंदावतो किंवा लुकलुकत राहतो. दोहोंमध्ये पुठ्ठ्याचा साधा आडोसाही पुरतो.

इतिहास व मर्यादा

समुद्राखालील तारायंत्राच्या केबलची चाचणी घेण्यासाठी विलोबी स्मिथ हे इंग्रज अभियंते सेलेनियमच्या कांड्या रोधक म्हणून वापरत होते. त्यांचा रोध स्थिर राहत नव्हता, कारण तो उजेडानुसार बदलत होता. हे निरीक्षण १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले.

एल.डी.आर. मंद आहे, प्रकाश बदलल्यावर रोध बदलण्यास काही दशांश मिलिसेकंद नव्हे, तर दहापट-वीसपट मिलिसेकंद लागतात. त्यामुळे जलद संदेशवहनासाठी फोटोडायोड वापरतात. शिवाय कॅडमियम विषारी आहे. भारतातील ई-कचरा नियमांनुसार, काही अपवाद वगळता, विद्युत उपकरणांच्या एकजिनसी पदार्थात त्याचे प्रमाण वजनाच्या ०.०१ टक्क्याहून अधिक चालत नाही. त्यामुळे नव्या उपकरणांत फोटोट्रान्झिस्टरचा वापर वाढला आहे. निकामी एल.डी.आर. फोडू वा जाळू नये; तो ई-कचऱ्यात द्यावा.