चित्रकार : वळवाची सर

चैत्र-वैशाखातली दुपार. परीक्षा संपल्यात, पोरं अंगणात हुंदडतायत आणि बघता बघता आभाळ भरून येतं. धुळीची वावटळ उठते, टपोरे थेंब तडतडायला लागतात आणि घरातून हाक येते, "आत या रे सगळे!" आत आलेल्या मुलांच्या हाती मोबाइल लागण्याआधी त्यांच्यापुढे ड्रॉइंग पेपर, स्केचपेनं, मैदा आणि हळद ठेवा. आजचं चित्र पावसाकडून काढून घ्यायचंय!

आधी विजेचा नियम

वळीव आणि वीज जोडीनं येतात. गडगडाट ऐकू येतोय तोवर सगळ्यांनी घरातच थांबायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, मगच बाहेर. तोवर सर ओसरली तर? पागोळ्या आहेतच की! छपरावरून ठिबकणाऱ्या थेंबांवरही मजेत काम भागतं.

थेंब टोकदार नसतो

मुलं पावसाचा थेंब काढतात तो वर निमुळता, खाली गोल. खरा थेंब तसा नसतोच. एक मिलिमीटरहून लहान थेंब जवळजवळ गोल असतो. मोठा थेंब खालून येणाऱ्या हवेच्या दाबानं तळाशी चपटा होतो आणि बनपावासारखा दिसतो. साधारण पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेला, की बहुतेकदा फुटून त्याचे लहान थेंब होतात.

सायकलपेक्षा जोरात

भुरभुर पावसाचा बारीक थेंब ताशी सातेक किलोमीटरनं, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या गतीनं खाली येतो. वळवाचा टपोरा थेंब मात्र ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. म्हणून तर तो कागदावर आपटला, की चहूकडे शिंतोडे उडतात.

काळ्यात दडलेले रंग

कागदावर स्केचपेनांनी ठळक पट्टे आणि ठिपके काढा. कागद पुठ्ठ्यावर ठेवून सरीखाली धरा आणि पाच अंक म्हणून झाले की आत आणा. आता एकेका थेंबाजवळ डोळे न्या. मध्ये रंग फिका, कडेला गडद रेघ! थेंब पसरताना रंग सोबत नेतो आणि पाणी कडेशी सुकताना तो तिथंच साचतो. सगळ्यात गंमत काळ्या ठिपक्याची. बऱ्याच स्केचपेनांच्या काळ्या शाईत अनेक रंग मिसळलेले असतात. त्यातले काही पाण्याबरोबर लांब पळतात, काही मागे रेंगाळतात, आणि काळ्यातून निळा, जांभळा, गुलाबी फुटतो. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं खडूची भुकटी भरलेल्या नळीतून पानांचा अर्क जाऊ देऊन त्यातले रंग असेच वेगळे केले. क्रोमॅटोग्राफी म्हणतात ती हीच. १९०३ साली त्यानं ती जगापुढे मांडली.  

मैद्यात पकडलेला पाऊस

अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली हिमकणांच्या फोटोंसाठी प्रसिद्ध आहे. पावसाचे थेंबही त्यानं मोजले, तेही पिठाच्या ताटलीत! १९०४ साली त्यानं ते निष्कर्ष छापले. त्याची युक्ती घरी सहज जमते. परातीत इंचभर मैदा चाळून सपाट करा, तीन-चार सेकंद पावसात धरा आणि तासाभरानं हलक्या हातानं चाळा. चाळणीत उरतात कणकेच्या इवल्याशा गोळ्या. एकेक गोळी म्हणजे एकेक थेंब! मुलांना पट्टी द्या आणि सगळ्यात मोठा थेंब किती मिलिमीटरचा होता ते त्यांनाच शोधू द्या.

एकाच हळदीचा बहावा आणि गुलमोहर

आता या गोळ्यांना फुलवायचं. बहावा याच दिवसांत पिवळ्या झुंबरांनी लगडतो. तो फुलला की साधारण दीड महिन्यात पाऊस येतो, अशी जुनी समजूत आहे. थोड्या गोळ्या हळदीत घोळवा, डिंकानं कागदावर घोसाघोसानं चिकटवा, झाला बहावा. शेजारी हळदीच्या पाण्यानं दुसऱ्या झाडाचा शेंडा रंगवा आणि वाळला की ब्रशनं साबणाच्या पाण्याचे ठिपके द्या. पिवळ्यावर तांबडा गुलमोहर उमलतो! साबण अल्कधर्मी असतो आणि हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीपासून कुंकू बनतं ते याच गुणामुळे. चुकून जास्त लाल झालं, तर लिंबाचा थेंब टाका, पुन्हा पिवळं! फक्त चित्र उन्हात ठेवू नका, हळदीचा रंग उन्हानं उडतो.

२७० कोटी वर्षांपूर्वीचे ठसे

पावसानं चित्रं काढायला आजच सुरुवात केलेली नाही. दक्षिण आफ्रिकेत ज्वालामुखीच्या राखेवर पडलेल्या थेंबांचे ठसे दगड होऊन टिकलेत. त्यांचं वय आहे सुमारे २७० कोटी वर्षं! त्या खळग्यांच्या आकारावरून त्या काळची हवा किती दाट असावी, याचा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१२ साली बांधला.

आपलं चित्रही पावसाची अशीच नोंद आहे. म्हणून चित्र झालं, की मुलांना मागच्या बाजूला तारीख, वेळ, गाव आणि सर कशी होती ते लिहायला लावा. जूनमध्ये मृगाचा पाऊस आला, की तोच कागद, तीच स्केचपेनं, तीच परात पुन्हा काढा. वळवाचे थेंब मोठे की मृगाचे? पुस्तकात उत्तर शोधायची गरजच नाही. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि पोरांनाच सांगू द्या.