परक्या गळ्यांतला डिलन
लेखमाला ‘गाण्यांचे प्रवास’ : लेखांक ९

न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये १९६१ साली डेव्ह व्हॅन रॉन्क हा गायक ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे जुनं लोकगीत स्वतःच्या पद्धतीने म्हणत असे. गिटारवर पायरी-पायरीने उतरत जाणारे खर्जाचे सूर त्याने बसवले होते आणि त्यामुळे गाण्याला एक वेगळंच वजन आलं होतं. वीस वर्षांचा बॉब डिलन ते ऐकत होता. कोलंबिया कंपनीसाठी पहिली रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा त्याने ही बांधणी उचलली आणि ‘चालेल ना?’ असं व्हॅन रॉन्कला विचारलं ते मागाहून. पुढे व्हॅन रॉन्क ते म्हणायला लागला की लोक म्हणत, हे तर डिलनचं गाणं! कंटाळून त्याने ते सोडून दिलं. मग १९६४ मध्ये इंग्लंडच्या ‘द अ‍ॅनिमल्स’ने तेच गाणं इलेक्ट्रिक गिटार आणि ऑर्गनवर वाजवलं, ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं आणि आता डिलनला ऐकावं लागलं, की तू अ‍ॅनिमल्सचं गाणं म्हणतोस. त्यानेही सोडलं.

गाणं कोणाचं, हा प्रश्न डिलनच्या बाबतीत असा पहिल्या दिवसापासून आहे. १९६२च्या त्या पहिल्या रेकॉर्डवर तेरा गाणी होती, त्यांतली त्याची स्वतःची फक्त दोन. जुन्या चालीवर नवे शब्द बसवण्याची वुडी गथ्रीची रीत आपण मागच्या लेखात पाहिली. डिलनने ती तशीच पुढे चालवली. ‘ब्लोइंग इन द विंड’ची चाल गुलामीच्या काळातल्या ‘नो मोर ऑक्शन ब्लॉक’ या गाण्यातून आली आहे. ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’चा प्रश्नोत्तरांचा साचा ‘लॉर्ड रँडल’ या जुन्या पोवाड्यासारख्या कथागीताचा आहे. त्यामुळे इतरांनी त्याची गाणी घेतली आणि हवी तशी वळवली, यात मला काहीच वावगं वाटत नाही. ज्या वाटेने ती आली, त्याच वाटेने पुढे गेली.

अर्थात, त्यामागे धंद्याचा भागही होता. डिलनचा मॅनेजर अल्बर्ट ग्रॉसमन याला एक गोष्ट नेमकी कळली होती : या मुलाचा आवाज सगळ्यांना रुचणारा नाही, पण गाणी कोणाच्याही गळ्यात बसतील. १९६२ मध्ये डिलनचा ‘विटमार्क’ या संगीत प्रकाशन संस्थेशी करार झाला. संस्थेच्या कचेरीतल्या लहानशा स्टुडिओत बसून तो नवीन गाणी टेपवर म्हणायचा. त्या टेपवरून स्वरलिपी उतरवली जायची आणि गाणी इतर गायकांना ऐकवली जायची. या टेप २०१० मध्ये अधिकृतपणे बाहेर आल्या. त्यांत तो मध्येच खोकतो. एक लांबलचक गाणं अर्ध्यावर थांबवून, हे फार वेळा म्हणून झालंय, असं सांगतो. बाजारात मांडायचा माल इतका कच्चा क्वचितच असेल. पण त्या कच्चेपणामुळेच ऐकणाऱ्या गायकाला आपली जागा दिसत असणार.

अमेरिकेचा कायदाही सोयीचा होता. एखादं गाणं एकदा अधिकृतपणे रेकॉर्ड होऊन बाजारात आलं, की पुढे कोणीही ते रेकॉर्ड करू शके. वेगळी परवानगी लागत नसे, ठरलेला मोबदला दिला की झालं. १९०९च्या कायद्याने हा मोबदला प्रत्येक तबकडीमागे दोन सेंट ठरवला होता आणि तो १९७८पर्यंत तेवढाच राहिला.

पहिलं मोठं यश ग्रॉसमनच्याच दुसऱ्या अशिलांनी मिळवून दिलं. ‘पीटर, पॉल अँड मेरी’ या त्रिकुटाचं ‘ब्लोइंग इन द विंड’ १९६३च्या जूनमध्ये आलं आणि विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. २८ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या मोर्चात, मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं त्याच दिवशी, त्यांनी ते लाखो लोकांपुढे गायलं. तीन आवाज सुंदर जुळलेले, उच्चार स्वच्छ, सगळं घासूनपुसून लख्ख. गाणं घराघरांत गेलं ते या सादरीकरणामुळे, हे मान्य करूनही मला ते जरा जास्तच सोज्वळ वाटतं.

त्याच गाण्यात खरी धग आहे ती स्टेपल सिंगर्सच्या गाण्यात. या कुटुंबाचे कर्ते पॉप्स स्टेपल्स मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांवर वाढले होते. समोरून गोरा माणूस आला की रस्ता ओलांडून पलीकडे जायचं, हे त्यांनी भोगलेलं होतं. माणसाला माणूस म्हणायला किती काळ लागणार, हे एका गोऱ्या पोराने कसं लिहिलं, याचं त्यांची मुलगी मेव्हिस हिला नवल वाटलं होतं. सॅम कूकलाही तेच वाटलं. हे आपल्यातल्या कोणी लिहायला हवं होतं, या रुखरुखीतून त्याचं ‘अ चेंज इज गॉना कम’ पुढे आलं. ‘ब्लोइंग इन द विंड’ची मूळ चाल गुलामांच्या गाण्याची. ती डिलनकडून फिरून पुन्हा कृष्णवर्णीय गायकांकडे पोचली, तेव्हा कोणी कोणाचं गाणं घेतलं म्हणायचं?

१९६५च्या जानेवारीत ‘द बर्ड्स’ने ‘मिस्टर टँबरिन मॅन’ रेकॉर्ड केलं. डिलनचं गाणं साडेपाच मिनिटांचं, चार कडव्यांचं. बर्ड्सने त्यातलं एकच कडवं ठेवलं, धृपद दोनदा घेतलं, ठेका बदलला आणि सुरुवातीला रॉजर मॅग्विनच्या बारा तारांच्या रिकेनबॅकर गिटारचा तो घंटेसारखा किणकिणता तुकडा जोडला. अडीच मिनिटांच्या आत सगळं आटोपलं आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. तालमीला आलेला डिलन ते ऐकून म्हणाला होता, की यावर नाचता येतं की! खरंच येतं. पण रात्रभर जागून शिणलेल्या, तरी झोप न येणाऱ्या माणसाची मूळ गाण्यातली तगमग या गाण्यात उरलेली नाही, हेही तितकंच खरं. तीन कडवी गेली, त्यांबरोबर ती रात्रही गेली.

नीना सिमोनने याच्या नेमकं उलट केलं. ‘द टाइम्स दे आर अ-चेंजिंग’ हे डिलनच्या तोंडी ताठ मानेने दिलेलं आव्हान होतं. नीनाने ते १९६९ मध्ये गायलं. किंग यांची हत्या होऊन फार काळ लोटला नव्हता. तिने लय इतकी संथ केली, की बदल येतोय ही घोषणा राहिलीच नाही. चर्चमधल्या प्रार्थनेसारखं एकेक वाक्य ती खाली ठेवत जाते. काळ बदलेल यावर तिचा विश्वास आहे, पण त्याची किंमत कोणी मोजली हेही तिला ठाऊक आहे. डिलनची गाणी ज्यांनी ज्यांनी गायली, त्यांतलं एकच ठेवायचं झालं तर मी हे ठेवीन.

जगाचं मत मात्र बहुधा जिमी हेंड्रिक्सच्या बाजूने पडेल. ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ डिलनने १९६७च्या नोव्हेंबरमध्ये नॅशव्हिलला रेकॉर्ड केलं : गिटार, माउथ ऑर्गन, बास, ड्रम्स, बस्स. बारा ओळी, धृपद नाही, अडीच मिनिटं. गोष्टीची सुरुवात शेवटी येते आणि तिथेच गाणं थांबतं. हेंड्रिक्सने जानेवारी १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत त्यावर काम सुरू केलं, आणि समाधान होईना म्हणून न्यूयॉर्कला पुढचे कित्येक महिने तो त्यावर थर चढवत राहिला. बासवादक नोएल रेडिंग वैतागून निघून गेला, तेव्हा बासही त्याने स्वतःच वाजवला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मधली जागा कान देऊन ऐका. डिलनकडे तिथे माउथ ऑर्गनचे काही सूर आहेत. हेंड्रिक्सने तिथे एकामागून एक चार वेगळ्या आवाजांत गिटार वाजवली आहे : आधी सरळ, मग तारांवरून घसरत जाणारी, मग वा-वा पेडलवर बोलल्यासारखी, शेवटी नुसत्या कॉर्ड्सचा मारा. डिलनने वादळाची वर्दी दिली होती, हेंड्रिक्सने ते आणलं. आणि हे त्याने नवं कडवं न जोडता केलं.

१९७४च्या दौऱ्यापासून डिलन ते मंचावर हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवायला लागला. हेंड्रिक्स गेल्यापासून मी हे गाणं त्याला वाहिलेलं म्हणून गातो, अशा अर्थाचं त्याने पुढे सांगितलंही. त्याने मंचावर सर्वांत जास्त वेळा गायलेलं गाणं हेच आहे, दोन हजारांहून अधिक वेळा.

परभाषांत तर ही गाणी किती गेली! फ्रान्सच्या ह्यूग ओफ्रेने १९६५ मध्ये अख्खी रेकॉर्डच फ्रेंच डिलनची काढली. कोलकात्याच्या कबीर सुमन यांनी ‘ब्लोइंग इन द विंड’ बंगालीत आणलं, आणि शिलाँगचे लू माजॉ १९७२पासून दर २४ मेला डिलनचा वाढदिवस त्याची गाणी गाऊन साजरा करत आले आहेत. ‘मेक यू फील माय लव्ह’ची गंमत निराळी : १९९७ मध्ये बिली जोएलची रेकॉर्ड डिलनच्या स्वतःच्या रेकॉर्डच्या आधी बाजारात आली, आणि २००८ नंतरच्या पिढीला ते गाणं अ‍ॅडेलचंच वाटतं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला एका सत्काराच्या भाषणात डिलनने यांतल्या अनेकांचे नावं घेऊन आभार मानले. नीना सिमोनने आपली गाणी घेतली यात आपल्या सगळ्या कामाला पावती मिळाली, असा त्याचा सूर होता. त्याच आठवड्यात त्याची नवी रेकॉर्ड आली होती, ‘शॅडोज इन द नाइट’. तिच्यावरची दहाही गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली, फ्रँक सिनात्राने कधीकाळी गायलेली. सिनात्रा गायचा त्या कॅपिटल स्टुडिओतच, वाद्यवृंदाऐवजी पाच वादक घेऊन, त्याने ती रेकॉर्ड केली. त्यातलं ‘ऑटम लीव्ह्ज’ आधी सिनात्राचं आणि मग याचं, असं पाठोपाठ ऐकून पाहा. व्हायोलिनच्या ताफ्याची जागा इथे एकट्या पेडल स्टील गिटारने घेतली आहे, आणि सत्तरी ओलांडलेला घोगरा गळा प्रत्येक सूर जपून लावतो आहे.

पुढच्या लेखात जोन बाएझ. डिलनला मोठ्या श्रोतृवर्गासमोर स्वतःच्या मंचावर तिनेच आणलं होतं.