पंपिंगचा आकडा आणि रोजचे जगणे

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्याची किंवा परत आलेले रक्त सहज सामावून घेण्याची हृदयाची ताकद कमी होते, त्या अवस्थेचे हे नाव आहे. मराठीत ‘हार्ट फेल झाले’ हे शब्द मृत्यूची बातमी सांगताना वापरतात, म्हणून डिस्चार्ज कार्डावर हे निदान वाचले की घरातले सगळे हादरतात. प्रत्यक्षात योग्य उपचार घेऊन अनेक रुग्ण या आजारासह बरीच वर्षे जगतात. हृदयविकाराचा झटका ही वेगळी घटना आहे. त्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी अचानक बंद होते. झटक्यात स्नायूचा काही भाग कायमचा निकामी झाला, तर उरलेल्या भागावर ताण येऊन पुढे हार्ट फेल्युअर होऊ शकते. बऱ्याच वर्षांचा उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा आणि झडपांचे विकार हीही त्याची कारणे आहेत.

जगभरात सहा कोटींहून अधिक लोकांना हा आजार आहे आणि वयाबरोबर त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. पाश्चात्त्य देशांत पंचावन्नच्या आतल्या शंभरात जेमतेम एकाला तो आढळतो, तर सत्तरी ओलांडलेल्यांत दहांतल्या एकाला किंवा त्याहून अधिकांना. भारतात तो लवकर गाठतो. २०१३ मधल्या त्रिवेंद्रमच्या नोंदणीत १,२०५ रुग्णांची माहिती गोळा झाली. त्यांचे सरासरी वय ६१ होते. पाश्चात्त्य नोंदण्यांत हेच वय बहुधा सत्तरीच्या पुढे असते. याचा अर्थ, भारतातल्या अनेक रुग्णांना आपले सगळे म्हातारपण या आजाराबरोबर काढावे लागते. म्हणून आयुष्य किती वाढले याइतकाच ते कसे जाते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तीस टक्के म्हणजे किती?

इको तपासणीनंतर रुग्णाच्या कानावर पडणारा पहिला शब्द म्हणजे ‘पंपिंग’. वैद्यकीय भाषेत त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरल्यावर एका ठोक्यात त्यातले किती टक्के रक्त बाहेर पडते, याचे हे माप. ‘पंपिंग तीस टक्के’ ऐकले की सत्तर टक्के हृदय गेले असे वाटते. पण निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला सगळे रक्त बाहेर टाकत नाही. त्याचा आकडा साधारण ५० ते ७० टक्के असतो. ४० किंवा त्याहून कमी आकडा असला, तर पंपिंग घटले असे मानतात.

ज्येष्ठांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, याच्या उलटही दिसते. आकडा ५० किंवा त्याच्या वर असतो, पण हृदयाचा स्नायू ताठर झालेला असल्याने ते नीट सैलावत नाही आणि पुरेसे भरत नाही. अशा बाईंना जिना चढताना धाप लागते, पायांना सूज येते, आणि रिपोर्ट मात्र ‘पंपिंग चांगले’ म्हणतो. मग दम ‘वयामुळे’ लागतो असे घरचे ठरवून टाकतात. थोडक्यात, पंपिंगच्या आकड्यावरून औषधांची दिशा कळते, माणसाचा दिवस कसा जातो ते कळत नाही.

जगण्याचे मोजमाप

रुग्णाला किती त्रास होतो हे पाहण्याची जुनी पद्धत न्यू यॉर्क हार्ट असोसिएशनची आहे. १९२८ पासून वापरात असलेल्या या पद्धतीत चार श्रेण्या आहेत. नेहमीच्या कामाने काहीच त्रास होत नसेल तर पहिली श्रेणी, बसल्या जागीही दम लागत असेल तर चौथी. मात्र ही श्रेणी डॉक्टर ठरवतात. रुग्णाचे स्वतःचे म्हणणे नोंदवण्यासाठी १९८० च्या दशकात मिनेसोटा प्रश्नावली तयार झाली. तिच्यात २१ प्रश्न आहेत, गुण शून्य ते १०५, आणि गुण जितके जास्त तितके जगणे अवघड. २००० साली आलेल्या कॅन्सस सिटी प्रश्नावलीत २३ प्रश्न आहेत आणि तिथे गुण वाढणे हे चांगले लक्षण. अंघोळ, कपडे घालणे, जिना चढणे, सूज, थकवा, भेटीगाठी, मनाची उभारी अशा गोष्टी तिच्यात विचारल्या जातात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये तिला उपचारांचा परिणाम मोजण्याचे साधन म्हणून मान्यता दिली.

या प्रश्नावल्या पाश्चात्त्य घरांभोवती बेतलेल्या आहेत. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि उठणे, भारतीय पद्धतीचे शौचालय, देवापुढे वाकणे, पिण्याच्या पाण्याची कळशी उचलणे यांची चौकशी त्यांत नसते. पुढे वाकल्यावर अर्ध्या मिनिटात दम लागणे या लक्षणाला वैद्यकात २०१४ मध्ये स्वतंत्र नाव मिळाले. चपलेचा पट्टा लावताना किंवा फरशी पुसताना ते रुग्णाच्या आधीच लक्षात आलेले असते.

संशोधनात वारंवार दिसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे, आजार सारखाच तीव्र असताना ज्येष्ठ रुग्ण तरुण रुग्णांपेक्षा आपले जगणे बरे असल्याचे सांगतात. एक कारण समजूतदारपणाचे आहे. या वयात अपेक्षा बदलतात आणि तुलना बरोबरीच्या माणसांशी होते. दुसरे कारण सावध करणारे आहे. दम लागू नये म्हणून माणूस एकेक काम गुपचूप सोडून देतो. आधी बाजारात जाणे बंद होते, मग जिना, मग संध्याकाळचा कट्टा. ‘आता दम लागत नाही’ हे उत्तर त्यामुळे खरे असूनही फसवे असू शकते. गेल्या सहा महिन्यांत काय करायचे सोडले, असे विचारले तर जास्त कळते.

दिवस कशाने अवघड होतो

दम, थकवा आणि सूज ही मुख्य लक्षणे. रात्री आडवे झाल्यावर पायांकडे साठलेले पाणी छातीकडे सरकते. मग उशा वाढतात, झोप मोडते आणि सकाळ थकलेलीच उगवते. शरीरातले जादा पाणी काढणारी लघवीची गोळी दम कमी करते, पण काही तास सारखे बाथरूमला जावे लागते. या धास्तीने ज्येष्ठ मंडळी लग्नकार्य, एसटीचा प्रवास, देवदर्शन टाळतात किंवा बाहेर जायच्या दिवशी गोळीच खात नाहीत. डॉक्टरांना विचारले तर गोळीची वेळ बहुतेक वेळा पुढेमागे करता येते.

वयाबरोबर आलेले इतर आजारही भर घालतात. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि सावरलेला रुग्ण पुन्हा दाखल होऊ शकतो. सुमारे निम्म्या रुग्णांत लोहाची कमतरता असते आणि तिने थकवा वाढतो. पंपिंग घटलेल्या लोहकमी रुग्णांना शिरेतून लोह दिल्यावर त्यांची लक्षणे आणि जगण्याचा दर्जा सुधारल्याचे २००९ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले.

साधारण दर पाच रुग्णांमागे एकाला नैराश्य असते. थकवा, भूक मंदावणे आणि झोप न लागणे ही हृदयाच्या आजाराचीही लक्षणे असल्याने ते ओळखू येत नाही. सर्ट्रालिन आणि एसिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधांचा या रुग्णांवर अभ्यास झाला, तेव्हा ती निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. समुपदेशन आणि नियमित व्यायाम यांचा मात्र काहींना उपयोग झाल्याचे दिसले. चालू असलेले कोणतेही औषध अर्थातच मनाने बंद करायचे नसते.

काय सुधारता येते

गेल्या चार दशकांत औषधे पुष्कळ सुधारली. पंपिंग घटलेल्या रुग्णांसाठी आज चार गटांतली औषधे एकत्र वापरतात. त्यांतला सर्वांत नवा गट मुळात मधुमेहाच्या गोळ्यांचा. त्यातल्या डापाग्लिफ्लोझिनने मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही फायदा होतो, हे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. २०२१ मध्ये याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचा उपयोग पंपिंग शाबूत असलेल्या रुग्णांतही दिसला. ही औषधे रुग्णालयाच्या खेपा कमी करतात आणि प्रश्नावलीतले गुणही थोडे वाढवतात.

‘आता विश्रांती घ्या’ हा प्रेमाचा सल्ला बहुतेकदा नुकसान करतो. पडून राहिल्याने पायांचे स्नायू झिजतात आणि तोल जातो. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या, साठी ओलांडलेल्या ३४९ रुग्णांचा अभ्यास झाला. ताकद, तोल, हालचाल आणि दमसास यांचा व्यायाम बारा आठवडे करून घेतल्यावर त्यांची शारीरिक क्षमता स्पष्टपणे सुधारली. पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण मात्र घटले नाही. दिवस सुकर होणे हाही उपचाराचा लाभच आहे, हे त्यातून दिसते. खुर्चीतून हात न टेकता उठणे, व्हरांड्यात फेऱ्या मारणे इथून सुरुवात होऊ शकते. किती करायचे ते डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने ठरवावे.

मिठाचेही असेच आहे. सहा देशांतल्या ८०६ रुग्णांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहारातले मीठ कडकपणे कमी केल्याने मृत्यू किंवा रुग्णालयाच्या खेपा घटल्या नाहीत, पण रुग्णांचा जगण्याचा दर्जा किंचित सुधारला. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ सुचवते. मराठी घरात मीठ भाजीइतकेच लोणचे, पापड, सांडगी मिरची, फरसाण आणि सुक्या मासळीतून येते. अळणी जेवणाने तोंडाची चव जाऊन खाणेच कमी झाले, तर ज्येष्ठ माणूस आणखी खंगतो. लिंबू, आमसूल, लसूण, कोथिंबीर यांनी चव राखता येते. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते आणि हृदयाची काही औषधेही रक्तातले पोटॅशियम वाढवतात, म्हणून ते विचारल्याशिवाय वापरू नये.

पाण्यावरच्या बंधनाबाबतही मत बदलते आहे. नेदरलँड्समध्ये प्रकृती स्थिर असलेल्या ५०४ रुग्णांवर झालेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज दीड लिटरची मर्यादा पाळून जगण्याचा दर्जा सुधारला नाही. तहानेचा त्रास मात्र वाढला. तरीही ज्याला डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली आहे त्याने ती पाळायची. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घरातला वजनकाटा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी रोज वजन लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढ म्हणजे पाणी साठते आहे. तेव्हाच डॉक्टरांना कळवले तर दाखल होणे टळू शकते.

निर्णय कोणाचा?

आजार पुढे सरकतो तेव्हा पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणारी शुश्रूषा, उपयोगी पडते. ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या १५० रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना तिची जोड दिल्यावर रुग्णांचा जगण्याचा दर्जा सुधारला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पूर्वलिखित इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. बरे होण्याची आशा उरली नसताना कृत्रिम साधनांनी आयुष्य लांबवावे की नाही, हे माणूस शुद्धीवर असताना त्यात लिहून ठेवू शकतो.

मात्र वय झाले म्हणजे आयुष्यापेक्षा आराम प्यारा असणार, हेही गृहीत धरता येत नाही. ज्येष्ठ रुग्णांच्या एका युरोपीय अभ्यासात, त्रासाशिवाय जगायला मिळाले तर त्याबदल्यात आयुष्यातला थोडा काळ द्याल का, असे विचारले गेले. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांनी एक दिवसही द्यायला नकार दिला. उरलेल्यांची तयारी होती. कोण काय म्हणेल हे वयावरून किंवा इकोच्या आकड्यावरून सांगता येत नाही. ते आईवडिलांना विचारावेच लागते, आणि एकदा विचारून भागत नाही, कारण प्रकृतीबरोबर उत्तरही बदलते.