अकरा फुटांचे घर

भावाभावांच्या वाटणीत शेत बांध घालून विभागता येते; घर मात्र उभे चिरावे लागते. चिकोडी-निपाणीकडील जुन्या वस्तीत गल्लीकडचे दार प्रत्येकालाच हवे असते. त्यामुळे अर्ध्या गुंठ्याची, म्हणजे सुमारे साडेपाचशे चौरस फुटांची जागा अनेकदा अकरा फूट रुंद व पन्नास फूट लांब अशी पट्टी होऊन पदरी येते. दोन्हीकडच्या नऊ इंची भिंती वजा जाता आत साडेनऊ फूटच उरतात.

अशा पट्टीवर घरधनी इंच न् इंच स्लॅबखाली आणतो. पुढे सोपा, मागे स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीत भर दुपारी दिवा! वृद्ध आईची खाट बहुधा त्याच खोलीत असते.

वास्तविक आपल्या वाड्यांतील चौकाने हा प्रश्न केव्हाच सोडविला होता. जपानमधील ओसाका शहरात ताडाओ आंडो या वास्तुशिल्पकाराने 1976 साली जुन्या घरांच्या रांगेत एक घर बांधले. त्याचीही रुंदी जेमतेम अकरा फूट! तरी मधला एक तृतीयांश भाग त्याने आकाशाला मोकळा ठेवला. पावसात पुढून मागे जावयाचे तर छत्री घ्यावी लागते, हे मात्र आपल्याकडे कोणी सोसणार नाही. चार्ल्स कोरिया यांनी 1961-62 मध्ये अहमदाबादेत बांधलेल्या बारा फुटी घरात तापलेली हवा उतरत्या छताखालून वर चढून आढ्याजवळील झरोक्यातून बाहेर पडे आणि खालून ताजी हवा आत ओढली जाई. ते घर आज अस्तित्वात नाही.

आपल्या पट्टीत मधोमध सहा फूट लांबीचा चौक सोडला, तर 57 चौरस फूट जातात. पण दोन खोल्या उजळतात. त्यातच एका कडेने अडीच फुटांची पडवी काढली की छत्रीचे काम नाही. जिना वळणाचा नको, तो खोली खातो. दहा फूट उंचीला सात इंची सतरा पायऱ्या लागतात. सरळ जिना भिंतीलगत साडेतेरा फुटांत बसतो आणि त्याखाली धान्याचे डबे राहतात. पन्हळीचे पाणी आपल्याच चौकात उतरवावे. वाटणीच्या वेळी न झालेले भांडण पुष्कळदा पहिल्या पावसात होते.

पाया खणण्यापूर्वी दोन्ही भावांनी एकत्र बसून आपापले चौक शेजारी-शेजारी आखले आणि मध्ये छातीइतकीच भिंत ठेवली, तर उजेड दोघांनाही अधिक मिळेल. शिवाय आईला खाटेवरून दोन्ही घरांतील नातवंडांचा आवाज ऐकू येईल.