इंदूरचं तिकीट: ओळखीचं नाव की नवा माणूस?

१९८९ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने इंदूरमधून प्रकाशचंद्र सेठी यांना उभं केलं. सेठी मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री आणि देशाचे माजी गृहमंत्री. इंदूरने त्यांना चार वेळा लोकसभेवर पाठवलं होतं. भाजपने समोर दिल्या सुमित्रा महाजन: चिपळूणची माहेरवाशीण, इंदूरची सून, शहराची माजी उपमहापौर. चारच वर्षांपूर्वी, १९८५ मध्ये, त्या विधानसभेला काँग्रेसच्या महेश जोशींकडून हरल्या होत्या. निकाल लागला तेव्हा महाजन, म्हणजे इंदूरच्या 'ताई', लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. बोफोर्सचं वर्ष होतं, काँग्रेसविरोधी वारं होतं, हे खरंच. पण हरलेल्या, दिल्लीला अनोळखी असलेल्या कार्यकर्तीला पुन्हा संधी द्यायची, हा निर्णय वाऱ्याने घेतलेला नव्हता, पक्षाने घेतला होता.

पक्षाने नावाजलेल्या माणसाला झुकतं माप द्यावं की नवख्याला, हा प्रश्न दर निवडणुकीत येतो. उत्तर शोधण्याआधी तिकीट ठरतं कसं, ते पाहायला हवं.

कायदा इथे फारसं काही सांगत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली पक्षाची नोंदणी होते, पण उमेदवार कसा निवडावा यावर त्यात एक ओळही नाही. निवडणूक आयोगाला हवे असतात दोन कागद. 'ए' फॉर्मवर पक्षाच्या वतीने उमेदवार कळवण्याचा अधिकार कोणाला, हे असतं. त्या अधिकाऱ्याच्या शाईच्या सहीचा 'बी' फॉर्म उमेदवाराचं नाव सांगतो. हे एबी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निर्वाचन अधिकाऱ्याकडे पोचले की चिन्ह त्या उमेदवाराचं. त्यामागे मतदान झालं की फोनवर ठरलं, हे कोणी विचारत नाही.

पक्षांची आपापली शिडी असते. भाजपमध्ये जिल्ह्यातून नावं येतात, 'रायशुमारी' म्हणजे कार्यकर्त्यांची मतचाचपणी होते, प्रदेश निवडणूक समिती पॅनल बनवते आणि शेवटचा शब्द दिल्लीतल्या केंद्रीय निवडणूक समितीचा असतो. काँग्रेसमध्ये प्रदेश काँग्रेसकडून नावं छाननी समितीकडे आणि तिथून केंद्रीय निवडणूक समितीकडे जातात. या शिडीच्या जोडीला सर्व्हे असतो, आणि माझ्या मते नवा माणूस बहुतेकदा तिथेच मार खातो. मतदाराला पाच नावं वाचून दाखवली तर तो ऐकलेलं नाव घेणार. 'हा नको' आणि 'हा कोण ते माहीत नाही' ही दोन अगदी वेगळी उत्तरं आहेत. पण टक्केवारीच्या तक्त्यात दोन्ही नव्या माणसाच्या खात्यात उणे म्हणूनच जमा होतात. असा सर्व्हे उद्याची जिंकण्याची शक्यता मोजतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो कालची प्रसिद्धी मोजतो. माहीत नसलेल्यांचा आकडा वेगळा काढला, तर नव्या माणसासाठी किती काम करावं लागेल हे तरी कळेल.

नावाजलेल्या उमेदवाराचे फायदे खरे आहेत. त्याला ओळख करून द्यावी लागत नाही, बूथवरचे कार्यकर्ते त्याला ओळखतात, देणगीदार फोन उचलतात. लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाखांची आणि प्रचाराला जेमतेम काही आठवडे. इंदूरसारख्या विधानसभेच्या आठ क्षेत्रांच्या मतदारसंघात एवढ्यात घरोघरी पोचणं कठीण.

पण हे फायदे कुठे लागू पडतात, ते इंदूरच्याच आकड्यांत दिसतं. २००९ मध्ये काँग्रेसचे सत्यनारायण पटेल ताईंकडून फक्त ११,४८० मतांनी हरले. २०१४ मध्ये राहुल गांधींनी देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानातून उमेदवार निवडायचा प्रयोग केला, त्यात इंदूर होतं. मत द्यायचं पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी आणि आजी-माजी लोकप्रतिनिधींनी. त्यांनी पुन्हा पटेलांनाच निवडलं. या खेपेला पटेल ४,६६,९०१ मतांनी हरले. मोदींच्या लाटेत कोणीही हरलं असतं, असं म्हणता येईल. मला त्यातून दुसरंही दिसतं: मतदार पक्षातलेच जुने लोक असतील, तर अंतर्गत निवडणूकसुद्धा ओळखीच्याच नावावर जाऊन थांबते. आणि त्याच प्रयोगात वडोदऱ्यात नरेंद्र रावत रीतसर निवडून आले, पण समोर मोदी आहेत म्हटल्यावर त्यांच्या जागी मधुसूदन मिस्त्रींना आणलं गेलं. कार्यकर्त्यांना एकदा मत द्यायला सांगून ते बाजूला सारलं, की पुढच्या वेळी ते कशाला रांगेत उभे राहतील?

अमेरिकेतही हा वाद पेटला होता. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या ज्येष्ठांना अध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना स्वतंत्र मत असतं. २०१६ मध्ये त्यातले बहुतेक आधीपासूनच हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने उभे राहिले आणि बर्नी सँडर्स यांचे समर्थक चिडले. २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला: चुरस असेल तर पहिल्या फेरीत या ज्येष्ठांना मत नाही. आधी सामान्य सभासद, मग मोठी माणसं. हा क्रम मला योग्य वाटतो.

पुन्हा इंदूर. २०१९ मध्ये ताई आठ वेळा निवडून आलेल्या, लोकसभेच्या अध्यक्ष, वय पंच्याहत्तरच्या पुढे. भाजपने इंदूरचं नाव रोखून धरलं. ५ एप्रिलला ताईंनी जाहीर पत्र लिहून आपण लढणार नसल्याचं कळवलं आणि पक्षाला संकोचातून मोकळं केलं. त्यानंतर उमेदवारी मिळालेले शंकर लालवानी पाच लाख सत्तेचाळीस हजारांवर मतांनी जिंकले, म्हणजे ताईंच्या २०१४ च्या मताधिक्याहून जास्त. जिथे चिन्हच एवढं ओढतं, तिथे नव्या माणसाला संधी देण्यात पक्षाला धोका नसतो. तीन दशकं जिने हा मतदारसंघ राखला तिला असं ताटकळत ठेवायला मात्र नको होतं. बदल करायचाच तर वर्षभर आधी समोर बसून सांगता येतो.

आता उलटी बाजू. २०२३ च्या मध्य प्रदेश विधानसभा निवडणुकीत भाजपने सात खासदारांना आमदारकीला उतरवलं, त्यांत तीन केंद्रीय मंत्री. शिवाय इंदूर-१ मधून ज्येष्ठ नेते कैलाश विजयवर्गीय आले आणि इंदूर-३ चे आमदार असलेल्या त्यांच्या मुलाला, आकाश यांना, थांबावं लागलं. विजयवर्गीय जिंकले. सातपैकी पाच खासदार जिंकले. पण केंद्रीय मंत्री फग्गनसिंह कुलस्ते निवासमध्ये हरले आणि गणेश सिंह सतनामध्ये. मोठं नाव म्हणजे विजयाची हमी नव्हे, हे भाजपने आपल्याच जागांवर पाहिलं.

आणि २०२४. काँग्रेसने इंदूरमधून अक्षय कांति बम हा निवडणुकीला नवा माणूस दिला. २९ एप्रिलला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. काँग्रेसने मोतीसिंह पटेल यांचा पर्यायी अर्ज भरला होता, पण बम यांचा अर्ज मंजूर झाल्यावर छाननीत तो बाद झाला होता. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. पटेलांच्या अर्जावर दहा सह्या नव्हत्या, म्हणून ते अपक्ष म्हणूनही उरले नाहीत. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानेही त्यांना दिलासा दिला नाही. लालवानी ११,७५,०९२ मतांनी जिंकले, आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिला 'नोटा', २,१८,६७४ मतांसह. जे झालं त्यावर ताईंनी स्वतःच्या पक्षात असूनही उघड नाराजी बोलून दाखवली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

यावरून नव्यांना तिकीट देऊच नये, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. १९८९ मध्ये ताईही संसदेला नव्या होत्या. फरक हा की महापालिकेत आणि एका पराभवात पक्षाने त्यांना पारखलं होतं. नवखा म्हणजे मतदारांना नवा असावा, संघटनेला नवा नसावा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलं की गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीला तिकीट देताना पक्षाने कारण जाहीर करावं, आणि निव्वळ जिंकण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. तशी कारणं सगळ्याच उमेदवारांसाठी लिहून जाहीर करायला पक्षांना कोणी अडवलेलं नाही. इंदूरच्या काँग्रेसने १९८४ नंतर ही जागा जिंकलेली नाही. गमावण्यासारखं तिच्यापाशी फार थोडं आहे. तिने पुढच्या लोकसभेचं नाव दोन वर्षं आधी वॉर्डातल्या सभासदांच्या मताने ठरवावं, आणि पर्यायी अर्जावर दहा सूचकांच्या सह्या घ्याव्यात.