न दुखणाऱ्या रोगाची ओळख

लज्जेखालीं झांकलेल्या रोगाशीं सामना करणें वर्धा जिल्ह्याला नवीन नाहीं. कुष्ठरोगानें पीडित परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा महात्माजींनीं सेवाग्रामीं स्वतःच्या हातांनीं केली. रोग्याला दूर लोटल्यानें रोग दूर होत नाहीं, हा तेथला धडा आज दुसऱ्या एका दुखण्याविषयीं आठवावयास हवा.

एच. आय. व्ही.ची बाधा झालेली स्त्री नियमित औषधें घेऊन संसार, शेती वा नोकरी उत्तम सांभाळूं शकते. तथापि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका तिला इतर स्त्रियांच्या सुमारें सहापट असतो. हा कर्करोग बहुतेक नेहमीं एच. पी. व्ही. या दुसऱ्या विषाणूमुळें उद्भवतो. हा विषाणु इतका सर्वत्र आढळतो कीं, त्यावरून कोणाच्या शीलाविषयीं अनुमान काढणें अन्यायाचें होय. निरोगी शरीर त्याला बहुधा एकदोन वर्षांत हुसकून लावतें. परंतु एच. आय. व्ही.नें शरीराचे पहारेकरीच दुर्बळ केल्यामुळें तो ठाण मांडतो आणि तेथील पेशींत विकृति उत्पन्न होते. तिचा कर्करोग होण्यास एरवीं १५ ते २० वर्षें लागतात. प्रतिकारशक्ति क्षीण असल्यास ५ ते १० पुरतात.

या पूर्वावस्थेंत वेदना नसते, रक्तस्राव नसतो. म्हणून ‘मला कांहींच होत नाहीं’ हें तपासणी टाळण्याचें कारण होऊं शकत नाहीं. तपासणी थोडक्या मिनिटांची असते. गर्भाशयमुखावरील स्रावाचा नमुना घेऊन विषाणु शोधतात. किंवा तेथें सौम्य ॲसेटिक आम्ल लावतात, म्हणजे विकृत भाग मिनिटभरांत पांढरा दिसूं लागतो. असा भाग अनेकदां गर्भाशय न काढतां, थंडीनें वा उष्णतेनें नष्ट करतां येतो. बाधित स्त्रीनें ही तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासून दर ३ ते ५ वर्षांनीं करावी, आणि उपचार झाल्यास वर्षभरानें पुन्हां करावी, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तपासणीचा उपयोग महाराष्ट्रांतच सिद्ध झाला आहे. तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या गटाला एकदांच एच. पी. व्ही. चांचणीची संधि मिळाली, त्यांतील या कर्करोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें घटले.

साधन हातीं आहे. वाट अडते ती संकोचाशीं. दरमहा औषधाची तारीख न चुकणाऱ्या स्त्रीला तपासणीचीहि तारीख ठरवून देणें आणि त्या दिवशीं घरच्या कोणीतरी सोबत जाणें, एवढ्यानें तो संकोच पुष्कळसा ओसरतो.