पत्ता आणि ओळख



आजचा विषय दिसावयास लहान आहे. लॅपटॉपवर वायफायने काम चालू असते. आपण टेबलापाशी येऊन त्यास तार जोडतो आणि घटकाभराने ती काढून दुसऱ्या खोलीत जातो. या ये-जा करण्यात चालू काम तुटू नये, एवढीच आपली अपेक्षा. ती पुरी करणे अवघड का, हे पाहावयाचे आहे.

वास्तविक तारेचे जाळे आणि बिनतारी जाळे ही एकाच घराण्यातील भावंडे होत. १९७१ साली हवाई विद्यापीठात अलोहानेट हे बिनतारी संगणकजाळे सुरू झाले. त्यापासून स्फूर्ती घेऊन रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली तारेवरील ईथरनेटची कल्पना मांडली. आजच्या वायफायचे पहिले मानक आले ते १९९७ साली.

परंतु लॅपटॉपला ही दोन निरनिराळी दारे आहेत. जाळे प्रत्येक दारास वेगळा पत्ता देते. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या विचारातून टीसीपी ही देवघेवीची पद्धती विकसित झाली. तीत जोडणी ओळखावयाची ती चार गोष्टींवरून: दोन्ही टोकांचे पत्ते आणि दोन्ही टोकांचे पोर्ट-क्रमांक. यांतील एक जरी बदलला, तरी पलीकडच्या संगणकास आपण परके होतो. भाडेकरूने बिऱ्हाड बदलताच त्याचे नावही बदलावे, तसाच हा प्रकार. पत्ता सांगतो तो माणूस कोठे आहे. येथे त्यालाच माणूस कोण आहे हेही सांगावयास लावले आहे. साऱ्या अडचणीचे मूळ ते हेच.

म्हणून तार जोडताना सहसा काही बिघडत नाही. नवे काम तारेवरून सुरू होते आणि वायफाय चालू असेतो जुने तेथेच पुरे होऊ शकते. तार काढली की मात्र तिच्या पत्त्यावर चाललेले काम निराधार होते. वाचनाची पाने पुन्हा मागविता येतात. चित्रपटाचा पुढचा भाग आधीच साठविलेला असतो. तेथे तूट जाणवत नाही. पण दूरच्या संगणकावर चाललेले काम किंवा वैद्याशी चाललेले संभाषण मध्येच खंडित होऊ शकते.

यावर उपाय निघाले आहेत. दोन्ही दारे एकाच जाळ्यात उघडत असतील, तर त्यांस मिळून एकच पत्ता देता येतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेली मल्टिपाथ टीसीपी एकाच संभाषणास अनेक वाटा देते. मात्र ती दोन्ही टोकांस ठाऊक असावी लागते. २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विकने जोडणीस पत्त्याहून निराळे ओळखचिन्ह दिले. पत्ता बदलला तरी चिन्हावरून ओळख पटते.

येथे एक धोका उद्भवतो. तेच चिन्ह सर्वत्र मिरविले, तर वाटेवरचा कोणीही आपला माग काढील. म्हणून क्विकमध्ये वाट बदलताना चिन्हही बदलावयाचे असते, आणि नव्या चिन्हांची वाटणी दोन्ही टोकांनी आधीच गुप्तपणे केलेली असते. मित्रास ओळख पटावी, परक्यास पटू नये, असा हा विवेक आहे.

हे उपाय सर्वत्र रुजलेले नाहीत. तोवर लांबणीचे काम एकाच वाटेने आरंभून त्याच वाटेने तडीस न्यावे, हे शहाणपणाचे.